दोघांच्या बैठकीचा माग

मी एक जुना खांब आहे. पवनीत विणकरांच्या मोहल्ल्यात शिरताना डाव्या हाताला पत्र्याचा एक मोठा फलक लागतो. त्याला दोन खांबांचा आधार आहे, त्यातला नदीकडचा तो मी. फलकावर एका नावाजलेल्या क्रिकेटपटूचा हसरा चेहरा आहे आणि त्याच्या शेजारी एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षसाहेबांचा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'पूरग्रस्त विणकर बांधवांना नवजीवन.' मला कोणी वाचत नाही. मला बकरी बांधतात, सायकल टेकवतात, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं माझ्याच अंगावर एकावर एक चिकटवतात. मी कोणालाच नाही म्हणत नाही. खांबाला मत नसतं, असं लोकांना वाटतं.

पण मित्रांनो, मी जन्माने खांब नाही. मी माग होतो. माझ्यावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवती साडी विणली जायची. आता माझा हा एवढाच तुकडा उरला आहे, म्हणून खांब म्हणायचं.

गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. कोणतं ऑफिस तिकडे जाणार आणि कोणता साहेब इकडे राहणार, याची चर्चा गावात पानठेल्यावर रंगली होती. आनंदाबाईंच्या घरात मात्र वेगळीच घाई होती. त्यांच्या मुलाचं, बाबूलालचं, लग्न ठरलं होतं. आनंदाबाई विधवा होत्या, हयातभर विणत आलेल्या, आणि बोलायला तिखट. सुनेला साडीचोळी तर सगळेच करतात. त्यांनी सुनेसाठी माग करायला घेतला. देवाजी सुताराला बोलावलं आणि सांगितलं,

"देवाजी, माग असा कर, का दोघं बसले तं खांद्याले खांदा लागला पायजे, पन कोपराले कोपर नाई लागला पायजे."

देवाजी म्हणाले, "बाई, तू माग सांगून राहिली का संसार?"

"दोनाईचं माप एकच असते," आनंदाबाई म्हणाल्या.

करवती साडीचं काम एकट्याचं नसतं, मित्रांनो. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखे टोकदार दात असतात. मधलं अंग कोशाचं आणि काठ सुताचा. धोटा म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं लाकूड. अंगाचा धोटा वेगळा आणि दोन्ही काठांचे धोटे वेगळे, असे तीन धोटे लागतात. दर ओळीला काठाचा दोरा आणि अंगाचा दोरा एकमेकांत अडकवावा लागतो, तेव्हा एक दात उठतो. त्यासाठी दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, पाय खाली खड्ड्यात सोडून. एकाने धोटा टाकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा. एकाचं लक्ष उडालं की दात बोथट होतो, आणि नेसणारीला कळलं नाही तरी विणणाऱ्याला जन्मभर कळतं.

देवाजींनी मला जुन्या सागात घडवलं. चार खांब जमिनीत रोवले, आडव्या तुळया बसवल्या, खड्ड्याच्या काठावर दोघांच्या बैठकीची लांब फळी टाकली. मग आनंदाबाईंनी आपल्या जुन्या मागावरची फणी उचलून माझ्यावर आणली. फणी म्हणजे कंगव्यासारखी लांब पट्टी. उभ्या ताण्याचा एकेक दोरा तिच्या एकेका फटीतून ओवलेला असतो. एक साडी संपली की विणकर फणीतले दोरे सगळे ओढून काढत नाही. थोडी टोकं फणीत ठेवून देतो, आणि नव्या ताण्याचा दोरा त्या टोकांना एकेक करून गाठतो. म्हणजे नवी साडी जुन्या साडीच्या शेपटाला धरूनच येते. आनंदाबाईंच्या फणीत त्यांच्या सासूच्या हातची टोकं होती असं त्या सांगायच्या. सासूच्या फणीत कोणाची होती ते त्यांनाही माहीत नव्हतं. माग नवा, फणी जुनी, अशी माझी सुरुवात झाली.

मग राधाबाई आली. उजवीकडे ती, डावीकडे बाबूलाल. पहिल्या महिन्यात दोघं एकमेकांशी बोलतच नसत. धोटा तेवढा इकडून तिकडे जाई. मग हळूहळू धोट्यासोबत बोलणंही जाऊ लागलं. मी बऱ्याच संसारांबद्दल ऐकलं आहे, पण भांडण अर्ध्यावर सोडून दात उठेपर्यंत गप्प बसणारे नवरा-बायको फक्त मागावरच दिसतात. दात उठला की भांडण पुढे चालू. रीता जन्मली, तिला झोळीत घालून माझ्याच तुळईला टांगलं. धोट्याच्या आवाजाने ती झोपायची, आणि माग थांबला की उठायची.

खड्ड्यातून उठताना राधाबाई माझा उजवीकडचा पुढचा खांब धरायची. रोज धरून धरून तिथे तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली, काळपट आणि चकचकीत. मित्रांनो, तोच खांब मी. ती जागा अजून माझ्या अंगावर आहे. पत्रकांच्या खाली आहे, पण आहे.

माझं कौतुकही झालं. नागपूरच्या प्रदर्शनात माझ्यावरची साडी काचेत ठेवली होती. एक बाई येऊन 'किती सुंदर, हे मशीनवर होत असेल ना' म्हणून गेल्या. बाबूलालने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा आनंदाबाई तीन दिवस त्या बाईंना नावं ठेवत होत्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणातही खाट माझ्या समोरच होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्या सांगायच्या, "सूनबाई, डाव्या काठाचा दात चुकला व." आणि तो चुकलेलाच असायचा.

आमच्या गावात जमीन थोडी खणली की दोन हजार वर्षांपूर्वीची वीट हाताला लागते. त्यामुळे जुन्या वस्तूचं इथे कोणाला फारसं अप्रूप नाही. माझंही नव्हतं. पण माझ्यावर रोज कोणीतरी बसत होतं, आणि मागाला त्याहून जास्त काही लागत नाही.

मग वैनगंगेला तो पूर आला.

पाऊस आमच्या गावात थांबला होता, पण वरच्या अंगाला थांबला नव्हता. सकाळी नदी घाटाच्या खाली होती, दुपारी ती मोहल्ल्याच्या तोंडाशी आली. लोकांनी पेट्या उचलल्या, म्हातारी माणसं उचलली, शेळ्या उचलल्या. बाबूलाल दारातून ओरडत होता, "रीताची माय, चाल आता. घर वाहून जाईन अन् तू गाठी सोडत बसशीन."

राधाबाई स्टुलावर चढून फणी आढ्याला बांधत होती. अर्धवट साडी तिने कापून सोडली, टोकं फणीत ठेवली, सगळं एका जुन्या लुगड्यात गुंडाळून उंच बांधलं, आणि मगच उतरली. तिचे पाय तेव्हा पोटरीपर्यंत पाण्यात होते.

पाणी आलं आणि गेलं. मी जागचा हललो नाही. सागाचं लाकूड आणि देवाजींची रोवणी, दोन्ही कामाला आली. खड्डा चिखलाने भरला, बैठकीची फळी वाहून भिंतीला लागली, पण मी उभा होतो आणि आढ्याला फणी कोरडी होती. घरातलं कोशाचं सूत मात्र सगळं गेलं. पेटीतून काढलं तेव्हा ते सूत नव्हतं, शेणासारखा गोळा होता. धान्य गेलं, भांडी गेली. शेजारच्या टेकचंदचा तर माग आणि भिंत दोन्ही गेली.

राधाबाई आणि बाबूलालने घमेल्याने खड्डा उपसला, मला धुतलं, सुकवलं, तेल चोळलं. फणी परत बसवली. दोघं फळीवर येऊन बसले, आपापल्या जागी, आणि नुसते बसून राहिले. विणायला सूत नव्हतं.

आता देणाऱ्यांची गोष्ट. मित्रांनो, फलकावरचे ते दोघं वाईट होते असं मी म्हणणार नाही. ज्यांनी काहीच दिलं नाही असे पुष्कळ होते, त्यांचे फलक लागत नाहीत, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत. हा क्रिकेटपटू खेळून निवृत्त झाला होता आणि त्याच्याकडे रग्गड होतं. टीव्हीवर वैनगंगेचं पाणी पाहून त्याचा जीव हलला. त्याने अध्यक्षसाहेबांना फोन केला. अध्यक्षसाहेबांचाही हलला. मोठ्या माणसांचा जीव हलला की खाली बरीच माणसं हलतात. ती हालचाल आमच्या मोहल्ल्यापर्यंत आली, तेव्हा तिचं नाव संजीव होतं. कंपनीचा तरणा अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, बुटांना आमचा चिखल. बिचारा घरोघरी फिरत होता.

तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ज्यांचा माग पुरात मोडला, त्यांना नवीन माग मिळेल. सोबत वर्षभर पुरेल इतकं कोशाचं सूत. ज्यांचा माग शाबूत आहे, त्यांना चादर, भांडी आणि किराणा."

बाबूलाल म्हणाला, "साहेब, आमाले माग नाई पायजे. माग हाय. सूत नाई. तेवढं सूतच देऊन द्या ना जी."

"काका, योजना मागाची आहे. सूत मागासोबत येतं."

"अन् मागावाल्याले सूत नाई?"

संजीवने माझ्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "मी वर कळवतो," तो म्हणाला. त्याने खरंच कळवलं असेल. वरून काही आलं नाही. वर जाणारी गोष्ट वरच राहते, खाली येतं ते फक्त पाणी. जाताना तो म्हणाला, "परवा साहेब लोक स्वतः येणार आहेत बघायला. फोटो होतील."

तो गेला आणि टेकचंद दारात आला. त्याचा माग वाहून गेला होता, त्यामुळे त्याचं काम सोपं झालं होतं. दुसऱ्याला टोमणा मारायला त्याच्याकडे आता वेळही होता.

"तुमचा माग लय गुणाचा निंगाला, बाबूलालभाऊ. पुरात उभा राहिला अन् तुमाले खाली बसवलं."

"तुले का मजा वाटून राहिली, टेकचंद?"

"मजा नाई गा. मांगच्या घरच्या चंद्रकुमारचा बी माग उभा होता. काल दुपारी पडला."

"पूर तं ओसरला."

टेकचंदने खांद्यावरचा पंचा थोडा बाजूला केला. त्याच्या खाली करवत होती. "चिंधूची हाय," तो म्हणाला. चिंधू म्हणजे देवाजींचा मुलगा. बापाने मोहल्ल्यातले निम्मे माग बांधले, आणि मुलाची करवत आता पंच्याखाली झाकून घरोघरी फिरत होती. "मोहल्ल्यात फिरून राहिली हे. तुमाले लागली तं घ्या, नाई तं पुढच्या घरी देतो. जबरदस्ती नाई."

करवत भिंतीला टेकवून तो निघून गेला. रीता तेव्हा कॉलेजात जात होती. ती म्हणाली, "माय, खरं सांगून दे ना त्याईले. साहेब लोक येतेच हाय, तं तोंडावर सांग."

राधाबाई म्हणाली, "खरं सांगून सूत भेटलं असतं, तं करवत कायले फिरली असती व?"

बाबूलाल म्हणाला, "सूत नाई भेटलं तं हा माग घेऊन का करू आपन? पुजा करू याची? रोजीले गेलो तं दोघाईलेबी जा लागन. अन् एकडाव मागावरून उठलेला मानूस परत बसत नाई. माह्या काकाचं पाह्यलं ना?"

राधाबाईने फणीवर हात ठेवला. "फनी तं आपलीच राहीन ना?"

"फनीले कोन हात लावते?"

"आत्याबाईनं तेच केलं होतं," ती म्हणाली. मला वाटतं ती त्याला नाही, स्वतःला समजावत होती. "आपल्या मागावरची फनी उचलली अन् याच्यात घातली. तवा बी जुना माग मोडलाच होता. नवा येईन, आपन हेच फनी त्याच्यात घालू. टोकं हेच राहीन."

मित्रांनो, इथे चूक झाली, आणि ती फक्त विणकरच करू शकतो. माग म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच माग आला, खड्ड्याचा, दोघांच्या बैठकीचा. दुसऱ्या तऱ्हेचे माग जगात असतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण विणकराला कोणी माग देतो म्हटलं, तर तो साडीचाच देणार, दुसरा कशाला देईल, असं तिला वाटलं. तिने विचारलं नाही. बाबूलालनेही विचारलं नाही.

तिने फणी उतरवली, लुगड्यात गुंडाळली, पेटीत ठेवली. मग बाबूलालने करवत उचलली आणि माझ्या मागच्या खांबाला लावली. दोनदा लावली, दोनदा काढली.

"सरका," राधाबाई म्हणाली. "तोडाचाच हाय तं घरच्या मानसानं तोडलेला बरा. तुमी त्याले त्रास देऊन राहिले."

दुपारची वेळ होती. तिने मला कापलं. एवढं आयुष्य मी करवतीचे दात विणले होते, तिचे खरे दात मला त्या दिवशी कळले. पण राधाबाईचा हात सफाईचा. तिने कधी काही वेडंवाकडं केलं नाही, हेही वेडंवाकडं केलं नाही. मला जास्त आठवतो तो बाहेरचा आवाज. दोन घरं सोडून कोणीतरी भजनं मोठ्याने लावली होती. पलीकडे कोणाचा तरी मिक्सर फिरत होता, घरात वाटायला मिरचीही नसताना. सगळा मोहल्ला आपापला आवाज झाकत होता, आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. पुराने जेवढे माग मोडले, त्याहून जास्त त्या दोन दिवसांत मोडले.

ठरल्या दिवशी साहेब लोक आले. गाड्या मोहल्ल्याबाहेर लावून चालत आले, हेही मान्य केलं पाहिजे. अध्यक्षसाहेब उंच, पांढऱ्या सदऱ्यातले. माझे तुकडे पाहून ते कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघा, पाण्यात किती ताकद असते."

क्रिकेटपटू मात्र खाली बसला. त्याने माझा तुटलेला खांब हातात घेतला. मित्रांनो, त्या माणसाचं अख्खं आयुष्य लाकूड हातात धरून गेलं होतं. त्याने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. पुराने मोडलेलं लाकूड फाटतं, त्याचे धागे निघतात. मी तर पाटासारखा सरळ कापलेला होतो, आणि खाली ताजा भुसाही होता. चिखलावर पडलेला तो पिवळा भुसा राधाबाईच्या झाडण्यातून राहून गेला होता.

"हे सागाचं ना, ताई?" त्याने विचारलं.

"हो जी."

"पुरातच मोडलं?"

राधाबाईने पदर तोंडाला लावला. "पुरातच मोडलं जी."

त्याने खांब अलगद खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "माझी पहिली बॅट अजून माझ्याकडे आहे. दांडा मोडलाय तिचा. घरचे म्हणतात टाकून दे. मला नाही टाकवत."

राधाबाईने तोंड खड्ड्याकडे वळवलं. मला वाटलं आता ती सांगेल. मला वाटलं आता तो विचारेल. त्याच्या ओठांवर काहीतरी आलंही होतं. पण संजीव म्हणाला, "सर, पुढचं घर," आणि तो उठला. पुढच्या घरीही तसाच सरळ काप होता. त्याच्या पुढच्या घरीही. त्याला सगळं कळलं, आणि तो कोणाला काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल, गरिबाचं खोटं उघडं पाडू नये. त्याचा जीव मोठा होता, मी त्याच्या नावे तेवढं जमा धरतो. पण त्याने 'का मोडलं, ताई?' एवढंच विचारलं असतं, तर कदाचित सूत आधी आलं असतं आणि निदान पुढच्या गल्लीतल्या घरांत करवत गेली नसती.

नवे माग ट्रकने आले. लोखंडाचे, निळ्या रंगाचे, चकचकीत. जमिनीवर उभे राहणारे. त्यांना खड्डा लागत नाही. दोरी ओढली की धोटा आपोआप इकडून तिकडे पळतो. बसायला मधोमध एक गोल स्टूल, बोल्टाने घट्ट बसवलेलं. ज्याने निवडला त्याने चांगल्याच मनाने निवडला असेल. एकट्याला विणता येईल, पाठ दुखणार नाही, काम भरभर होईल. सूतही आलं, आणि सूत खरंच उत्तम होतं. राधाबाईने ते गालाला लावून पाहिलं.

मग तिने पेटीतून फणी काढली आणि नव्या मागाला लावली. फणी वीतभर लांब निघाली. लोखंड काही सरकत नव्हतं. बाबूलालने पान्याने खटपट केली, चिंधूला बोलावलं. चिंधूने मापं घेतली, डोकं खाजवलं.

"भाभी, फनी कापा लागन."

"कुठून?"

"काठाकडून."

"काठ कापला तं करवती कशाची राहीन गा?"

चिंधूने मापाची पट्टी खिशात घातली. आणि फणी बसली असती तरी दुसऱ्या माणसाने बसायचं कुठे? नवा लाकडाचा माग बांधायचा तर साग कुठला, आणि तेवढा आणायला पैसा कुठला? त्यात हा लोखंडी माग विकायचा नाही, हलवायचा नाही, दरवर्षी येऊन पाहणार, अशी अट होती.

खोटं कशाला बोलू, त्या मागावर चंद्रकुमारने पंचे विणले आणि त्याचं घर चाललं. राधाबाईनेही विणले. पण बाजारात गिरणीचा पंचा तिच्याहून स्वस्त होता, आणि पंचे विणायला घरात दोन माणसं लागत नव्हती. बाबूलाल नागपूरला गेला. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर बसतो, येणाऱ्या गाड्यांना सलाम करतो. तो म्हणाला होता ना, दोघांना रोजीला जावं लागेल आणि मागावरून उठलेला माणूस परत बसत नाही. ते टाळायलाच त्यांनी मला कापलं होतं.

वर्ष झालं आणि फलक लावायचं ठरलं. मोठा होता, त्याला पक्के खांब हवे होते. ठेकेदाराने आणलेली लाकडाची बल्ली कच्ची निघाली. चिंधू म्हणाला, "राधाभाभीच्या परसात साग पडून हाय, वाळलेला." असा मी इथे आलो. ज्यांच्या सूचीत मी 'नष्ट' होतो, त्यांचं नाव उचलून धरायला मीच मजबूत निघालो.

उद्घाटनाला साहेब लोक पुन्हा आले. अध्यक्षसाहेबांनी राधाबाईला नव्या मागावर बसायला सांगितलं, फोटोसाठी. ती बसली. दोरी ओढली. पंचा पुढे सरकला.

क्रिकेटपटू म्हणाला, "ताई, ती करवतीची साडी दाखवा ना विणून. काठावर दात असतात ती. सूत तर आलं होतं ना?"

"सूत हाय जी. कडूनिंबाच्या पानात ठेवलं हाय."

"मग?"

"त्याले दोन मानसं लागते जी."

"मग बसा की दोघं."

राधाबाईने त्या गोल स्टुलाकडे पाहिलं. त्याच्यावर ती एकटी मावत होती, तेवढंच.

"जागा एकाचीच हाय साहेब," ती म्हणाली.

कॅमेरेवालाही थांबला. अध्यक्षसाहेबांनी संजीवकडे पाहिलं आणि संजीवने आपल्या बुटांकडे. आता ते स्वच्छ होते. क्रिकेटपटू अगदी हळू म्हणाला, "तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं, ताई."

"आमी कुठं इचारलं जी, कसा माग देता म्हनून," ती म्हणाली. "अन् तुमीबी नाई इचारलं, पुरातला माग असा सरळ कसा मोडला म्हनून. तुमाले तं समजलं होतं."

त्याने मान खाली घातली. मग सगळे फलकाकडे आले. पडद्याची दोरी त्याने ओढली. टाळ्या वाजल्या. फोटोसाठी हात ठेवताना त्याची नजर माझ्या त्या गुळगुळीत जागेवर गेली. तेव्हा तिथे पत्रकं नव्हती. त्याने हात फलकावर नाही ठेवला, माझ्यावर ठेवला. फोटोत तो हात कापला गेला आहे. तेवढा भाग चौकटीत बसला नाही.

मित्रांनो, द्या. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर द्या, पुढेही पूर येणारच आहेत. पण देण्याआधी ज्याला द्यायचं त्याच्या घरात चप्पल काढून या, जमिनीवर त्याच्या शेजारी बसा, आणि या घरात काम करायला किती माणसं बसतात ते विचारा. आणि ज्यांना घ्यायचं आहे, त्यांनीही घेण्याआधी विचारा, लाज वाटली तरी. एवढ्या एका प्रश्नाने माझ्यासारखे कितीतरी खांब अजून माग राहिले असते.

परवा दिवाळीला बाबूलाल आला. एसटीतून उतरून पिशवी घेऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी आला, तर राधाबाई त्याला घ्यायला इथवर आली होती. दोघं माझ्यापाशी थांबले. तिने सवयीने माझ्या अंगावर हात ठेवला, पत्रकांवरून, नेमक्या त्याच जागी. तो तिच्या डावीकडे उभा होता. खांद्याला खांदा लागत होता, कोपराला कोपर नाही.

"फनी हाय ना?" त्याने विचारलं.

"हाय ना," ती म्हणाली. "मंधामंधात ऊन दाखवते."

"टोकं?"

"टोकं बी हाय. एकबी निंगालं नाई."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग दोघं घराकडे चालू लागले.